प्रबंधाचे चतुष्पाद आणि आपण

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. सायंकाळची रुग्णसेवा आटोपून आम्ही चिकित्सालय बंद करण्याच्या बेतात असता एक तरुण वैद्या भेटीस आल्या. एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा जाड प्रबंध. कायचिकित्सा या विषयात त्यांना नुकतीच पीएच.डी. मिळाली होती. आम्ही अभिनंदन केले, पेढा घेतला, प्रबंध चाळला. निघण्यापूर्वी त्यांनी थोडे अडखळत विचारले, "सर, सकाळच्या वेळी आपल्याकडे बसण्याची सोय होईल का? मानधन आपण ठरवाल ते."

त्यांचे वय ३४ वर्षांचे. बी.ए.एम.एस.च्या प्रवेशापासून मोजल्यास सोळा वर्षांचे अध्ययन त्यांच्या पाठीशी आहे. आणि त्या एका बी.ए.एम.एस. पदवीधराच्या दोन खोल्यांच्या चिकित्सालयात सहायक म्हणून बसण्याची परवानगी मागत होत्या. आम्ही स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकलो नाही. वीस वर्षे तालुक्याच्या गावी रुग्ण तपासून चरितार्थ चालवितो. आमच्यापेक्षा शास्त्रात अधिक खोल गेलेल्या व्यक्तीने आमच्याकडे अशी मागणी करावी, याचा आनंद व्हावा की खेद, हे आम्हास त्या रात्री उमजेना.

एका व्यक्तीचे दुर्दैव म्हणून हा प्रसंग सोडून देता आला असता. परंतु वैद्यबंधूंकडे चौकशी करता अशी उदाहरणे प्रत्येकाच्या परिचयात निघाली. तेव्हा हा विषय महाविद्यालयांचा, विद्यापीठांचा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. आमचे मत असे आहे की, आयुर्वेदातील संशोधकाची ही जी कोंडी झाली आहे तिला शासन व विद्यापीठे जितकी कारणीभूत आहेत, तितकेच आपण चिकित्सक आणि फार्मसीधारकही आहोत. हे विधान काहींना कटू वाटेल. म्हणून त्याची कारणे क्रमाने मांडतो.

मार्ग किती लांब आहे

प्रथम वयाचा हिशेब पाहू. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी आंतरवासीयतेसह साडेपाच वर्षांनी वैद्य होतो. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा आहे. तिच्या तयारीत बहुधा एक वर्ष जाते. त्यानंतर एम.डी. अथवा एम.एस.ची तीन वर्षे. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास तो पीएच.डी.च्या दाराशी उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा काल किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा आहे. चिकित्साविषयक संशोधनात तीन वर्षांत काम उरकणारे विरळाच. प्रबंध हाती येईतो तेहेतीस-चौतीस वर्षे सहज होतात.

आता पुढची अट पाहा. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी देशात जी प्रमुख छात्रवृत्ती आहे, ती राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती एसईआरबी देत असे. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे ती आता आली आहे. तिची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारास ३५ वर्षे आहे. महिला व राखीव प्रवर्गांस पाच वर्षांची सवलत आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. करून आलेला विद्यार्थी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पीएच.डी.स लागतो, त्याच्या दृष्टीने ही मर्यादा पुरेशी आहे. आमच्या वैद्याला मात्र ती दाराशी पोहोचताच दार लोटून घेतल्यासारखी वाटते. प्रबंधाला एक वर्ष उशीर झाला तर केवळ एक वर्षच गमवावे लागते असे नाही. कधी कधी संपूर्ण संधीच जाते. आणि उशीर का होतो, हे पाहू लागलो की वाट आपल्याच अंगणात येते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यातील एकही पाद गुणहीन असला तर चिकित्सा लंगडी पडते, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो. प्रबंधालाही हेच चार पाद आहेत. मार्गदर्शक हा त्याचा भिषक्, ज्यावर प्रयोग करावयाचा ते औषध हे द्रव्य, द्रव्यसाहाय्य व संस्था हा उपस्थाता आणि ज्याच्या दुःखासाठी हे सारे करावयाचे तो रुग्ण. एकेक पाद तपासून पाहू.

भिषक् : मार्गदर्शक आणि प्रश्न

२०२२ च्या त्याच विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार संशोधक घेता येतात. कागदावर ही संख्या पुरेशी दिसते. प्रत्यक्षात अनेक मार्गदर्शकांवर अध्यापन, रुग्णालय, तपासणीची कागदपत्रे आणि परीक्षा यांचा एवढा भार असतो की संशोधकास महिन्यातून एकदा निवांत अर्धा तास मिळाला तरी तो भाग्यवान. त्यामुळे विषयाची निवड घाईने होते. अमुक व्याधी, अमुक योग, तीस रुग्णांचे दोन गट, हा साचा वर्षानुवर्षे चालतो. योग बदलतो, व्याधी बदलते, साचा तोच राहतो.

उलट उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. काशी हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भगंदरावरील क्षारसूत्राचे काम अनेक वर्षे निष्ठेने केले. रुग्णशय्येजवळ निर्माण झालेला तो साधा प्रश्न होता : शस्त्रकर्मानंतर पुन्हा पुन्हा उद्भवणारा हा व्याधी क्षारसूत्राने कितपत आवरतो? पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर त्याची शस्त्रकर्माशी तुलना केली आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने व्रण भरून येण्यास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रकर्मास चार. परंतु वर्षभरात पुनरुद्भव क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के, तर शस्त्रकर्माच्या गटात ११ टक्के होता. यात आपल्या बाजूचे जे होते ते आले आणि विरुद्ध जे होते तेही आले. म्हणूनच आज कोणत्याही शल्यविशारदाशी क्षारसूत्राविषयी बोलताना आपल्याला मान खाली घालावी लागत नाही. प्रश्न खरा असला की त्याचे उत्तर दीर्घकाळ टिकते.

असे खरे प्रश्न कोणाकडे आहेत? दररोज चाळीस-पन्नास रुग्ण पाहणाऱ्या आपल्याकडे. आपण ते कोणाला सांगितले आहेत काय?

द्रव्य : ज्या औषधावर सारे अवलंबून

आमच्या त्या वैद्यांचा विषय आमवात हा होता व योग सिंहनाद गुग्गुळ. औषध एका फार्मसीकडून विकत घेतले होते. पहिल्या तीस रुग्णांना ते पुरले. दुसरी खेप आली तेव्हा गोळ्यांचा रंग फिका, काठिण्य अधिक, आणि पाण्यात विरघळण्यास पहिल्या खेपेच्या जवळजवळ दुप्पट वेळ. लेबलवर नाव तेच, किंमत तीच. बॅचचे विश्लेषणपत्र मागितले तेव्हा "आजवर कोणी मागितले नाही" असे उत्तर मिळाले. गुग्गुळाचे शोधन कशात केले, एरंडतेलाचे प्रमाण काय ठेवले, याची नोंद उपलब्ध नव्हती. तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, तो योग्यच होता. नव्याने एकाच बॅचचे औषध बनवून घेऊन रुग्णांची नोंदणी पुन्हा करण्यात त्यांचे चौदा महिने गेले. वयाचा जो हिशेब वर मांडला, त्यातील चौदा महिने.

येथे कोणा एका फार्मसीला दोष द्यावयाचा नाही. उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम, म्हणजे शेड्यूल टी, २००० साली आले. २०१० साली आलेल्या १५८-ब या नियमाने पेटंट औषधांच्या परवान्यासाठी परिणामकारकतेचे पुरावेही मागितले. म्हणजे पुराव्याची गरज फार्मसीलाच आहे आणि औषधाची गरज संशोधकाला. दोघे एकमेकांच्या दाराशी उभे आहेत. परंतु एकाला दुसऱ्याची ओळख नाही. फार्मसीधारक वर्षभरात दिनदर्शिका, दैनंदिनी आणि भेटवस्तूंवर जो खर्च करतात, त्यातील लहानसा भाग एका संशोधकासाठी एका बॅचचे प्रमाणित औषध तयार करण्यास पुरेसा आहे, असे आमचे फार्मसी चालविणारे स्नेहीच सांगतात.

उपस्थाता : पैसा आणि संस्था

पैसा मुळीच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. संशोधन सहयोगीचे मानधन ५८,००० ते ६७,००० रुपयांच्या दरम्यान आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्पार्क' ही योजना आणली. दोन महिन्यांच्या संशोधनासाठी ५०,००० रुपये मिळतात. पुढील वर्षी पदव्युत्तरांसाठी व अध्यापकांसाठीही योजना आल्या. डिसेंबर २०२४ पासून यूजीसी-नेट परीक्षेत 'आयुर्वेद बायॉलॉजी' हा विषय समाविष्ट झाला आहे. आयुष मंत्रालयाच्या संशोधन साहाय्याची जुनी योजना २०२१-२२ पासून 'आयुर्ज्ञान' या नावाखाली चालते. वीस वर्षांपूर्वी यातील बहुतेक गोष्टी नव्हत्या, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या योजनांचे पाणी सर्व शेतांत पोहोचत नाही. छात्रवृत्ती मोजक्यांना मिळते. उरलेले स्वखर्चाने, अर्धवेळ नोकरी करीत प्रबंध लिहितात. मोठ्या प्रकल्पांचे प्रस्ताव संस्थेमार्फत पाठवावे लागतात. ज्या संस्थेत प्रयोगशाळा नाही, नीतिसमिती नियमित भरत नाही आणि लेखापालाला प्रकल्पाचे हिशेब ठेवण्याची सवय नाही, तेथील संशोधकाने कितीही चांगला प्रस्ताव लिहिला तरी त्याचा उपयोग काय?

शिवाय एक अंतर असे आहे की ज्याकडे कोणाचेच लक्ष नाही. प्रबंध सादर झाला की छात्रवृत्ती थांबते. मौखिक परीक्षेसह सारे मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावे, असे विनियम सांगतात. अनेकदा त्याहून अधिक काळ जातो. या काळात संशोधकाकडे ना छात्रवृत्ती असते, ना पदवी, ना नोकरी. प्रबंधातून शोधनिबंध लिहिण्याचा, पुढील संशोधनाचे प्रस्ताव पाठविण्याचा खरा काळ हाच. आणि याच काळात तो मिळेल ते काम पत्करतो. आमच्या माहितीतील एकांनी हे सहा महिने एका खासगी रुग्णालयात रात्रपाळी करून काढले. त्यांच्या प्रबंधातील निष्कर्ष आजतागायत कोठेही छापून आले नाहीत.

रुग्ण : आमची स्वतःची कबुली

आता चौथा पाद. येथे दोष आमचा आहे व तो आम्ही उघडपणे सांगतो.

त्याच वैद्या पाच वर्षांपूर्वी प्रबंधाची रूपरेषा आखताना आमच्याकडे आल्या होत्या. आमवाताचे रुग्ण आमच्याकडे अधिक येतात, असा आमचा पंचक्रोशीत लौकिक. आम्हीही तो अभिमानाने मिरवितो. आम्ही कपाटातून अकरा वह्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. चार दिवस बसून त्यांनी त्या पाहिल्या. आमवात असे निदान लिहिलेले दोनशेहून अधिक रुग्ण निघाले. तीन महिन्यांनंतरची दुसरी नोंद असलेले वीसही नव्हते. जेथे नोंद होती तेथे "बरे वाटते", "उपशय", "तेच औषध" एवढेच. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, पूर्वी किती वेळ राहत असत, पुन्हा न आलेला रुग्ण बरा झाला म्हणून आला नाही की कंटाळून दुसरीकडे गेला, यांपैकी कशाचाही पत्ता नाही. त्यांनी वह्या नीट रचून परत दिल्या व "सर, यातून काही मांडता येणार नाही" असे अत्यंत नम्रपणे सांगितले. वीस वर्षांचा अनुभव म्हणून आम्ही जे सांगत होतो, ते आमच्या स्मरणापलीकडे कोठेही नव्हते. आणि स्मरणशक्ती बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तेवढे जपून ठेवते, हे आपण सर्वजण मनातून जाणतो.

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरील आपला लेख प्रसिद्ध केला आणि रक्तदाबावरील या वनस्पतीकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. त्या लेखातील रुग्ण होते केवळ पन्नास. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीही तिच्याविषयी लिहिले होते. पन्नास रुग्ण तर आपल्यापैकी कोणीही एका वर्षात पाहतो. डॉ. वकिलांकडे जे होते आणि आपल्याकडे नव्हते, ते म्हणजे मोजमापासह ठेवलेली नोंद.

नोकरीची बाजारपेठ

समजा, हे चारही पाद सांभाळून प्रबंध पूर्ण झाला, पुढे काय? शासकीय महाविद्यालयांतील नेमणुका महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होतात. जागा थोड्या आणि जाहिराती अनियमित. केंद्रीय संशोधन परिषदेच्या संस्था मुंबई, पुणे, नागपूर येथे आहेत. तेथील पदांसाठी स्पर्धा साऱ्या देशाशी. उरतात खासगी महाविद्यालये.

तेथे पीएच.डी.ला किती मोल आहे? महाविद्यालयांच्या किमान मानकांविषयी २०१६ साली जे विनियम आले, त्यांत नियमित पीएच.डी.चा संशोधनकाळ एक वर्षाच्या अध्यापनानुभवासमान मानता येईल, एवढीच तरतूद होती. चार-पाच वर्षांच्या श्रमाचे मोल एक वर्ष! २०२० च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या पदव्युत्तरांसाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा ठरविली व २०२४ मध्ये ती घेण्यात आली. परीक्षा असावी, हे योग्यच. परंतु अध्यापकाची निवड करणाऱ्या मंडळाने त्याचा प्रबंध उघडून पाहावा, अशी प्रथा अद्याप रुजलेली नाही.

आमच्या त्या वैद्यांनी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की मूळ प्रमाणपत्रे जमा करा, हजेरीपुरते या, वेतनाचा काही भाग परत करावा लागेल. त्यांनी नकार दिला. नकार देण्याचे हे धैर्य त्यांना घरच्या पाठिंब्यामुळे शक्य झाले. प्रत्येकास ते शक्य नसते. अशा कागदावरील नेमणुका उपस्थितीच्या यांत्रिक नोंदीमुळे आता कठीण झाल्या, ही स्वागतार्ह बाब आहे. पण या व्यवहारात केवळ संस्थाचालक सामील होते असे म्हणता येणार नाही. आपल्यापैकी किती वैद्यांनी चिकित्सालय सांभाळून आपले नाव अशा पटावर ठेवू दिले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. पटावरील त्या नावाने एका संशोधकाची जागा अडविली होती.

दोन आक्षेप

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात, आपले शास्त्र सिद्ध आहे, त्याला प्रबंधांची गरज काय? आम्ही नम्रपणे म्हणतो, शास्त्र सिद्ध असेल. परंतु आज बाजारात मिळणारी गोळी सिद्ध आहे काय? आज समोर बसलेल्या, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आधीच घेत असलेल्या रुग्णात आपला योग कसा वागतो, हे कोणत्या संहितेत पाहावे? पुण्याच्या पुढाकाराने झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जानुसंधिवाताच्या मोठ्या चाचणीत ४४० रुग्णांमध्ये आयुर्वेदीय योग प्रचलित आधुनिक औषधाच्या तोडीचे ठरले. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताच्या एका तपासणीत तात्पुरती वाढ दिसली व औषध थांबविल्यावर ती उतरली, हेही नोंदले गेले. चिकित्सकास या दोन्ही गोष्टींची गरज आहे. दुसरी तर अधिक.

दुसरा आक्षेप फार्मसीधारकांचा. संशोधन हा मोठ्या कंपन्यांचा खेळ आहे, आम्हा लहानांना तो परवडत नाही. मोठ्या चाचण्या परवडत नाहीत, हे खरेच. पण एका बॅचचे औषध, त्याच्या घटकद्रव्यांची ओळख, निर्मितीची नोंद, विश्लेषणपत्र आणि जपून ठेवलेला नमुना एवढे देणे लहानातील लहान फार्मसीलाही अशक्य नाही. हे तर नियमानेही करावयाचेच आहे.

आपण काय करू शकतो

शासनाने वयोमर्यादा शिथिल करावी, अध्यापक निवडीत संशोधनास योग्य मोल द्यावे, या मागण्या आपल्या संघटनेने अवश्य कराव्यात. परंतु निवेदन देऊन छायाचित्र छापले की कार्य झाले, असे समजू नये. आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली, प्रश्नांची. या त्रैमासिकाने दर वर्षी एका अंकात चिकित्सकांच्या अनुत्तरित प्रश्नांची यादी छापावी. संशोधकांना व मार्गदर्शकांना विषय शोधण्यास ती उपयोगी पडेल.

दुसरी, औषधाची. सभासद फार्मसींपैकी इच्छुकांनी प्रबंधासाठी एकाच बॅचचे प्रमाणित औषध विनामूल्य द्यावे. अट एकच असावी : निष्कर्ष अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध होईल. ज्यास ही अट मान्य नसेल त्याने औषध देऊ नये. कारण ते साहाय्य नसून जाहिरात ठरेल.

तिसरी, पैशाची. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिने दरमहा २५,००० रुपये दिले तर एका संशोधकामागे १,५०,००० रुपये लागतात. दीडशे सभासदांनी वर्षास हजार रुपये दिल्यास दर वर्षी एका संशोधकाची सोय होते. बदल्यात त्याने प्रबंधातील निष्कर्ष शोधनिबंधरूपाने लिहावेत व चिकित्सकांना समजेल असा सारांश येथे द्यावा.

चौथी, नोंदीची. एका व्याधीपुरती का होईना, ठरावीक नमुन्याची रुग्णपत्रिका प्रत्येकाने ठेवावी. सर्व व्याधींचा हव्यास नको. एक व्याधी, एक पान, आरंभी व तीन महिन्यांनी.

तरुण संशोधकांनाही दोन शब्द. मार्गदर्शकाच्या नावापेक्षा त्याने किती संशोधकांचे काम वेळेत पूर्ण करविले, हे आधी विचारा. नीतिसमितीची संमती व चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे निवडीची जबाबदारी आता सर्वस्वी तुमची व तुमच्या संस्थेची आहे. पुढील छात्रवृत्तीचे अर्ज प्रबंध सादर करण्यापूर्वी एक वर्ष तयार ठेवा. आणि आठवड्यातून दोन दिवस रुग्ण तपासणे कोणत्याही कारणाने सोडू नका. नोकरी मिळो न मिळो, ते ज्ञान कोणी काढून घेऊ शकत नाही.

त्या वैद्या आता सकाळी आमच्याकडे बसतात. आम्ही देतो ते मानधन त्यांच्या योग्यतेचे नाही, हे त्यांना ठाऊक आहे व आम्हासही. पहिल्या महिन्यातच त्यांनी आमवातासाठी एका पानाची रुग्णपत्रिका तयार केली. ती भरताना रुग्णामागे सहा-सात मिनिटे अधिक जातात म्हणून आरंभी आम्ही कुरकुर केली. सहा महिन्यांत साठ पत्रिका पूर्ण झाल्या. त्या पाहिल्यावर कळले की आमच्या आवडत्या योगाने जेवढे रुग्ण बरे होतात असे आम्ही लोकांना सांगत आलो, तेवढे होत नाहीत. आणि ज्या साध्या लंघन-दीपनाच्या क्रमाकडे आम्ही दुर्लक्ष करीत होतो, तो पाळणाऱ्यांचा ताठरपणा अधिक लवकर उतरतो. साठ रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, असे त्यांनीच आम्हास बजावले आहे. तरीही आमची चिकित्सा आता बदलली आहे.

त्या अद्याप अर्ज करीतच आहेत. एखाद्या संस्थेने त्यांना बोलाविले तर आम्ही आनंदाने निरोप देऊ, आणि आमचे नुकसान होईल, हेही लपविणार नाही. पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत सहा महिन्यांच्या छात्रवृत्तीचा ठराव आम्ही मांडणार आहोत व पहिले हजार रुपये सोबत आणणार आहोत. ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी यावेच. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही आपली कारणे घेऊन अवश्य यावे.